तबल्याचा सूर नक्की कुठून येतो: कातडं, शाई की खोड?

ठेका_सोळा

बिनशाईचं कातडं कितीही ताणलं तरी 'टप्'च वाजतं. त्याच कातड्यावर मधोमध शाई (तो काळा गोल लेप) चढली की 'ना' (कडेवर वाजणारा बोल) गाण्यात मिसळेल इतका स्वच्छ लागतो. हे शाईने होतं असं सगळेच सांगतात, कसं होतं ते कुणी नीट सांगत नाही. शाई म्हणजे नुसतं वजन असेल, तर तेवढ्याच वजनाचा चामड्याचा गोल तुकडा चिकटवून का भागत नाही?

समोरच्या तबल्याची माहिती अशी: तोंड साडेपाच इंच, पट्टी (मूळ सूर) काळी एक, पुडी (तोंडावर चढवलेलं तयार कातडं) नवी. ट्यूनरवर एका घरापाशी (कडेच्या वेणीचे, म्हणजे गजऱ्याचे, जे सोळा भाग त्यातल्या एकापाशी) 'ना' २७७ हर्ट्झ दाखवतो. तिथून पाव फेरा पुढे गेलं की २८१. या दोन्हींच्या मधे वाजवलं तर सूर एका जागी थांबत नाही, डुलत राहतो. 'तूं' (शाईवर मोकळा वाजणारा बोल) तर खालच्या सा ला जुळतच नाही, चांगला वर बोलतो. आणि शाईकडे निरखून पाहिलं तर सगळी बारीक बारीक चिरांनी भरलेली आहे. यातला दोष कोणता आणि स्वभाव कोणता?

निस्पंद_रेषा

चिरा आणि 'तूं' हा स्वभाव, २७७-२८१ हा दोष. तोही पुडीचा नसावा, ओढणीचा, म्हणजे पुडी ताणण्यातला, असावा. पण आधी पहिला प्रश्न.

गोल, सगळीकडून सारखं ताणलेलं कातडं एकाच तऱ्हेने हलत नाही. एका थापेत अनेक तऱ्हा एकदम सुरू होतात. पहिली तऱ्हा म्हणजे सगळं कातडं एकदम वर, एकदम खाली. दुसरीत मधून एक व्यासरेषा स्थिर राहते, तिच्या एका बाजूचं कातडं वर असताना दुसऱ्या बाजूचं खाली. तिसरीत अशा दोन रेषा, म्हणजे चार फाका. पुढे सहा फाका, आठ फाका. शिवाय मधे एक स्थिर वर्तुळ असलेल्या तऱ्हा वेगळ्याच. जिथे कातडं हलत नाही ती निस्पंद रेषा.

पहिल्या तऱ्हेची कंपनसंख्या १ धरली तर कोऱ्या कातड्याच्या पुढच्या तऱ्हा १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२, ३.१६ अशा येतात. तारेच्या तऱ्हा १, २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटीत असतात, म्हणून कान त्या सगळ्या मिळून एकच सूर समजतो. १.५९ आणि २.१४ ची मोट कानाला बांधता येत नाही. त्याला फक्त 'काहीतरी वाजलं' एवढंच कळतं. ताण वाढवून हे सुटत नाही, कारण ताण वाढला की सगळ्याच तऱ्हा एकाच प्रमाणात वर जातात. प्रमाण बिघडलेलं तसंच राहतं, फक्त 'टप्'चा 'टिप्' होतो.

आता मधे वजन ठेवा. पहिल्या तऱ्हेत मध्यभाग सर्वांत जास्त हलतो, म्हणून वजनाचा भार तिच्यावर सर्वांत जास्त पडतो आणि ती पुष्कळ खाली येते. दुसऱ्या तऱ्हेत नेमका मध्यबिंदू स्थिर असतो, पण त्याच्या आजूबाजूला हालचाल असते, म्हणून ती थोडी कमी खाली येते. चार फाकांच्या तऱ्हेत मध्याजवळची हालचाल आणखी कमी, त्यामुळे तिला शाई जवळजवळ जाणवतच नाही. असं प्रत्येकीला कमी-कमी ओढत नेलं की १ : १.५९ : २.१४ : २.६५ : ३.१६ हे प्रमाण पसरत जाऊन १ : २ : ३ : ४ : ५ च्या जवळ येतं. शाईचं खरं काम हे आहे. म्हणून 'शाईमुळे आवाज घुमतो' वगैरे जे म्हणतात ते अर्धवट आहे.

सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं आणि १९३४ मध्ये सविस्तर लिहिलं. कातड्यावर बारीक वाळू पसरून वेगवेगळे बोल वाजवले की वाळू निस्पंद रेषांवर गोळा होते, त्या आकृत्यांवरून त्यांनी तऱ्हा ओळखल्या. त्यांना आढळलं ते असं की नऊ तऱ्हा मिळून पाचच स्वर देतात: पहिला आणि दुसरा एकेका तऱ्हेचा, तिसरा आणि चौथा दोन-दोन तऱ्हांचा, पाचवा तीन तऱ्हांचा. म्हणजे शाईने तऱ्हा नुसत्या पूर्ण पटीत आणल्या असं नाही, ज्या एकमेकींना खेटून भांडत होत्या त्यांना एकाच स्वरावर आणून बसवलं. २.१४ आणि २.३० या दोघी कोऱ्या कातड्यावर बेसूर शेजारणी, तबल्यावर दोघी मिळून ३.

'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटीवर (कडेच्या कातडी पट्टीवर) पडते. अनामिका टेकल्यामुळे पहिली तऱ्हा दबते आणि दुसरी, एका व्यासरेषेची तऱ्हा मोकळी राहते, कारण तिची स्थिर रेषा बरोबर त्या बोटाखालून जाते. म्हणजे ज्याला आपण तबल्याची पट्टी म्हणतो तो दुसरा स्वर आहे, पहिला नव्हे. तुमचे २७७ हे त्या दुसऱ्याचे.

'तूं' मध्ये अनामिका उचललेली असते आणि आघात शाईवर, तेव्हा पहिली तऱ्हा मोकळी बोलते. हिशेबाने ती १३८-१३९ वर यायला हवी. पण या तऱ्हेत सगळं कातडं एकदम खाली जातं आणि खोडात (तबल्याच्या लाकडी भांड्यात) कोंडलेली हवा दाबली जाते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलट ढकलते, त्यामुळे ही एकच तऱ्हा वर चढते. फाकांच्या तऱ्हांत एका बाजूने दाबलेली हवा दुसऱ्या बाजूला सरकते, स्प्रिंग लागतच नाही. म्हणून पुष्कळ तबल्यांत 'तूं' खालच्या सा पेक्षा अर्ध्या ते एका स्वराने चढा असतो. ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.

घोटणी

चामड्याचा तुकडा का चालत नाही याचं उत्तर त्या चिरांतच आहे.

वजन हवं, पण कडकपणा नको, या दोन गोष्टी एकत्र मिळवणं म्हणजे शाई लावणं. घट्ट तुकडा चिकटवला की त्याखालचं कातडं वाकायचं थांबतं. मग मधे एक झाकण आणि भोवती कातड्याची पट्टी असा प्रकार होतो, आणि वरच्या तऱ्हा कडकपणामुळे भलतीकडे जातात. शाई हजारो बारीक खड्यांची असते. प्रत्येक खडा खाली कातड्याला धरून, पण शेजारच्या खड्यापासून सुटा. कातडं वाकलं की खडे एकमेकांपासून जरासे फाकतात आणि परत मिटतात. वजन पूर्ण, अडथळा जवळपास शून्य. म्हणून चिरा दिसणं हे चांगल्या शाईचं लक्षण. चिरा दिसत नाहीत, वरून काच मारल्यासारखी सपाट आहे, ती शाई संशयास्पद.

शाई चढवण्याची पद्धत कारागिरागणिक थोडी बदलते, गाभा हा:

पुडी खोडावर चढवून, ताण देऊन, पूर्ण वाळलेली हवी. लवेच्या (चाटीच्या आतल्या मुख्य कातड्याच्या) मध्यावर वर्तुळ आखतात, व्यास साधारण तोंडाच्या निम्म्याच्या आसपास. आतलं कातडं पात्याने हलकं खरवडतात, कारण गुळगुळीत कातड्यावर काहीच धरत नाही. त्यावर नुसत्या खळीचा हात देतात (भाताची किंवा पिठाची शिजवलेली चिकट खळ). ती अर्धवट वाळली की दगडाने घोटून कातड्यात जिरवतात. पुढचं सगळं काम या अस्तरावर उभं असतं, आणि घाई नेमकी इथेच होते.

मग मसाला: बारीक चाळलेलं लोहकीट, त्यात काजळी किंवा कोळशाची वस्त्रगाळ पूड, आणि बांधायला खळ. मळून लोण्यासारखा झाला पाहिजे. बोटावर घेऊन पसरला तर मागे रेघ राहावी, ओघळू नये. एक थर कागदाइतका. अंगठ्याने मध्याकडून कडेकडे फिरवत पसरतात, कडेला जवळजवळ शून्यावर आणतात. थर हाताला चिकटेनासा झाला, पण आतून अजून ओलसर आहे, त्या वेळी गुळगुळीत काळा दगड घेऊन लहान लहान गोलात घोटायला सुरुवात. सुरुवातीला दगड सरकतो. मग अडखळतो, आवाज बदलतो, खरखर येते, आणि पृष्ठभागावर जाळी उमटते. ही जाळी वरच्यावर राहून चालत नाही. खालच्या थराच्या चिरांशी जुळेपर्यंत घोटायचं. वरची सुटलेली पूड पुसून टाकायची आणि पुढचा थर.

पहिले थर पूर्ण वर्तुळाचे, त्यानंतरचे लहान-लहान होत गेलेले, म्हणून शाई मध्याला जाड आणि कडेला पातळ. थर किती, याला ठाम आकडा नाही. कान सांगेपर्यंत. प्रत्येक थरानंतर 'ना' आणि 'तूं' वाजवून बघतात. दोन्ही खाली येत असतात, पण 'तूं' जास्त वेगाने खाली येतो. दोघांतलं अंतर जवळपास एका सप्तकाचं झालं आणि 'ना'तली खरखर मिटली की थांबायचं. त्यापुढे थर चढवले तर पुडी मंद होते.

जे चुकतं ते बहुतेक वेळ वाचवण्यापायी. दोन थरांचा एक जाड थर दिला तर वरची साय आधी वाळते, आतलं ओलं नंतर आकसतं, आणि बारीक जाळीऐवजी दोन-तीन मोठ्या भेगा पडतात. त्या भेगांमधले तुकडे मग पुढे वाजवताना कपच्यांनी उडतात. थर पार वाळल्यावर घोटायला घेतला तर दगड नुसता चकाकी देतो, चिरा पडतच नाहीत. उन्हात वाळवला तर तेच, वर कडकडीत आणि खाली ओलं. खळ कमी पडली तर शाई भुकटीसारखी झडते, जास्त झाली तर रबरासारखी होते आणि घोटताना दगडाला लगदा येतो. मसाला चाळलेला नसेल तर एखादा जाड कण दगडाखाली ओरखडा काढतो, आणि ओरखडा कातड्यापर्यंत गेला तर ती पुडी गेली.

खोडकर_खोड

सगळं शाईचंच श्रेय? शिसवाच्या जड खोडावर आणि आंब्याच्या हलक्या खोडावर एकच पुडी चढवा, फरक बहिऱ्यालाही कळेल.

निस्पंद_रेषा

फरक कळेल, पण तो सुरातला नाही, टिकण्यातला. खोड सतारीच्या तबलीसारखं स्वतः थरथरून आवाज देत नाही. ते जितकं कमी हलेल तितकं चांगलं. कातडं काठाला खेचत असतं. काठ हलका असला की तोही थोडा हलतो आणि कातड्याची शक्ती खोडात जिरते. जड, कठीण लाकडाचा काठ हलत नाही, मग शक्ती कातड्यातच राहते आणि 'ना'ची आस (मागे घुमत राहणारा नाद) लांबते. म्हणून शिसम, खैर, बाभूळ, बिबळा. आणि म्हणूनच खोड आरपार पोकळ नसतं. वरून कोरत आणतात आणि तळाला भरीव लाकूड राखतात, ते वजन आणि बैठक दोन्हींसाठी.

खोडाचा सुरावर थेट परिणाम एकाच ठिकाणी: पोकळीच्या आकारमानावर. पोकळी लहान म्हणजे हवेची स्प्रिंग कडक, म्हणजे 'तूं' आणखी चढा.

आणि एक गोष्ट जी लाकडाच्या जातीपेक्षा दसपट महत्त्वाची, ती म्हणजे काठ. काठ एका पातळीत हवा, आतली कड किंचित गोलसर घासलेली हवी. तपासायला सोपं: सपाट काचेवर खडूची पूड चोळा, खोड उपडं ठेवून जरासं फिरवा, उचलून बघा. खडू सगळीकडे लागला तर ठीक. जिथे लागला नाही तिथे खड्डा आहे, आणि तिथे कातडं काठावर बसत नसल्याने 'झर्र' येणार. ओल्या लाकडाचं खोड कोरलं असेल तर वाळताना काठ वाकतो, मग उत्तम पुडी चढवूनही झर्र जात नाही. दोष पुडीवर ढकलला जातो, पुडी बदलली जाते, झर्र तसाच.

गजरा_उजवा

२७७-२८१ कडे येतो, कारण हे हातोडीने सुटण्यासारखं आहे, आणि चुकीच्या घरावर हातोडी पडली तर वाढण्यासारखंही.

वर सांगितलेली एका व्यासरेषेची तऱ्हा दोन दिशांनी हलू शकते: उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम म्हणा. ताण सगळीकडे सारखा असेल तर दोन्हींची कंपनसंख्या एकच. एका दिशेला ताण कमी पडला तर ती दिशा खाली बोलते. तुमच्या पुडीत एक दिशा २७७, तिच्याशी काटकोनातली २८१. मधल्या घरावर वाजवलं की दोन्ही एकदम सुरू होतात आणि सेकंदाला २८१ वजा २७७, म्हणजे चार वेळा डुलतात. तो डोल म्हणजे हाच.

गजऱ्यात सोळा घरं. २७७ वालं घर पहिलं धरा. समोरचं नववं. काटकोनातली पाचवं आणि तेरावं. कातडं एका टोकाला ओढलं की ताण त्या व्यासभर जातो, म्हणून १ आणि ९ ही जोडी, ५ आणि १३ ही दुसरी जोडी. नवशिका काय करतो? पहिलं घर उतरलेलं दिसलं की तिथेच ठोकत बसतो. तिथे गजरा खाली जातो, पुडी एका बाजूला सरकते, शाई मध्यापासून ढळते, आणि मग दोन दिशांचा फरक कायमचा होतो.

करायचं असं. गठ्ठ्यांना (खोडाच्या बाजूच्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावू नका, फरक पाव स्वराहूनही कमी आहे, गठ्ठे त्यासाठी नाहीत. पहिल्या घरावर गजऱ्याला वरून एक हलका ठोका, लगेच नवव्यावर तेवढाच. वाजवून बघा. पुन्हा हवा असेल तर पुन्हा जोडीने. २७९ च्या आसपास आल्यावर ५ आणि १३ वर गजऱ्याला खालून वर एकेक हलका ठोका देऊन ती दिशा थोडी उतरवा. दोन्ही जुळल्या की ३, ७, ११, १५ वर डोल ऐका. डोल मंदावत जाऊन थांबला म्हणजे काम झालं. ट्यूनरपेक्षा डोल जास्त खरं सांगतो. सेकंदाला एक डोल म्हणजे एक हर्ट्झचा फरक, तो ॲपला दिसायच्या आधी कानाला कळतो.

हातोडी गजऱ्यावर सपाट पडली पाहिजे. तिरपी पडली की चाट फाटते.

पट्टीच बदलायची असेल तेव्हा गठ्ठे. खोड वर अरुंद आणि खाली रुंद होत जातं, म्हणून गठ्ठा खाली ठोकला की त्याच्यावरच्या चार वाद्यांना (पुडी ओढून धरणाऱ्या कातडी पट्ट्यांना) लांबचा वळसा पडतो आणि त्या ताणल्या जातात. आठही गठ्ठे समोरासमोरच्या जोडीने, थोडे-थोडे. किती चढवायचं याला मर्यादा आहे: कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून एक अर्धस्वर वर न्यायला ताण १२ टक्के वाढवावा लागतो आणि पूर्ण स्वराला सुमारे २६ टक्के. काळी एकच्या पुडीला काळी दोनवर नेणं म्हणजे पाव हिश्शाहून जास्त जादा ओढ. पुडी लगेच फाटली नाही तरी शाई कडेने उठायला लागते, कारण कातडं ताणलं जातं आणि शाई त्याच्याबरोबर ताणली जात नाही. वरच्या पट्टीला लहान तोंडाचा तबला घ्यायचा, खालच्या काळी चार-पाचला सहा इंच किंवा मोठ्या तोंडाचा. साडेपाच इंची काळी एकलाच ठेवा.

ठेका_सोळा

१-९ आणि ५-१३ ची जोडी करून डोल जवळजवळ गेला. एक शंका उरली: डग्ग्याची शाई मुद्दाम एका बाजूला असते. मग तिथे दोन दिशांचा फरक होत नाही का? आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला तर शाईच नसते, कणीक लावतात.

घोटणी

होतो, आणि तिथे तो चालतो. डग्ग्याकडून ठाम पट्टी कुणी मागत नाही, मींड (सूर सरकवत नेणं) मागतात.

डग्ग्याचं तोंड नऊ इंचांच्या आसपास, शाई मनगटापासून दूरच्या बाजूला सरकवलेली, म्हणजे मनगटाकडे रुंद लव मोकळी. तिथे तळहाताचा खालचा भाग टेकतो. टेकलेल्या जागेचं कातडं हलत नाही, म्हणून हलणाऱ्या भागाची सरहद्द पुढे सरकते आणि उरलेल्या भागात शाई जवळजवळ मध्याला येते. म्हणजे हात टेकलेला असताना डग्गा बऱ्यापैकी तबल्यासारखा वागतो. 'घे' वाजल्याबरोबर मनगट दाबत पुढे घासलं की ताण वाढतो, हलणारा भाग लहान होतो, दोन्हींमुळे सूर वर चढतो, तोच घिस्सा. शाई मधोमध असती तर मनगट ठेवायला जागाच उरली नसती. भांडं तांब्याचं किंवा पितळेचं जड असावं लागतं ते लाकडाच्याच कारणाने, शिवाय हलकं भांडं मनगटाच्या दाबाने सरकतं.

कणकेचं तत्त्व तेच, मधे वजन. फरक असा की कणीक मऊ असते, म्हणून ती वजनाबरोबर आवाज गिळतेही. वरच्या तऱ्हा तिच्यात लवकर मरतात आणि खालचा गंभीर नाद उरतो. ताजी मळलेली, पोळीच्या कणकेपेक्षा सैल, बोटाला चिकटणारी हवी. कातड्याला आधी पाण्याचा हात, मग गोळा मध्यावर ठेवून अंगठ्याने कडेला पातळ करत दाबायचा. कड जाड राहिली तर वाजवताना तिथून सुटते. कमी लावून सुरुवात करायची आणि डावं तोंड उजव्याच्या खालच्या सा वर येईपर्यंत चिमूट-चिमूट वाढवायची. चढवणं सोपं, काढताना ओरबाडावी लागते. वाजवता वाजवता ती वाळते, हलकी होते आणि सूर वर सरकतो, म्हणून मधे पाण्याचं बोट. वाजवून झालं की लगेच काढून ओल्या फडक्याने पुसायचं. राहिलेली कणीक वाळताना कातड्याला आवळते, शिवाय किडे लागतात.

ढोलकीच्या डाव्या तोंडाला मसाला आतल्या बाजूने असतो. तेही तेच गणित, फक्त बाहेरून हाताला लागत नाही.

चाट_पडली

लांबून वाचत होतो, एक भर. केटल ड्रम, म्हणजे ते तांब्याच्या मोठ्या हंड्याचे पाश्चात्त्य नगारे, बिनशाईचे असूनही ठाम सुरात वाजतात. निस्पंद यांच्या म्हणण्याला तो अपवाद वाटेल, पण नाही. तिथे तोंड दोन फुटांच्या आगेमागे, त्यामुळे कातड्याला लागून हलणारी हवाच वजनाचं काम करते. फाकांच्या तऱ्हा त्या हवेने खाली येऊन साधारण २ : ३ : ४ अशा बसतात. पहिली तऱ्हा मात्र बसत नाही, म्हणून वाजवणारा मध्यावर मारतच नाही, कडेपासून सुमारे पाव त्रिज्या आत मारतो, आणि ती तऱ्हा पटकन विझते. साडेपाच इंचाच्या तोंडाला हवेचं एवढं वजन मिळत नाही.

ठेका_सोळा

शेवटचं: शाईच्या कडेला एक छोटा कपचा सुटलाय, नखाएवढा. मसाला भरून बुजवता येतो का? 'ना' वाजवताना बारीक झर्र येतो, तो त्याचाच असेल?

गजरा_उजवा

आधी झर्र कुठला ते ठरवा. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या टोकाने शाईची कड त्या जागी हलकी दाबा आणि 'ना' वाजवा. झर्र थांबला तर तिथेच शाई कातड्यावरून उठलीय. नाही थांबला तर बोट कडेकडेने फिरवत अख्खं वर्तुळ तपासा. तरीही थांबला नाही तर चाट आणि लव यांच्यामधे काही अडकलंय का बघा, कागदाची पट्टी आत सरकवून फिरवली की पावडरचे गोळे निघतात. वाजवताना हाताला लावलेली पावडर हे झर्रचं फार सामान्य कारण, कुणाला सुचत नाही एवढंच.

घोटणी

कपचा भरू नका. नव्या मसाल्यातलं पाणी शेजारच्या खड्यांच्या चिरांत शिरतं, तिथली जुनी खळ फुगते, आणि वाळल्यावर नखाएवढ्या जागेचं रुपयाएवढं होतं. शिवाय भरलेला तुकडा घोटायचा तर दगड शेजारच्या सुट्या खड्यांवरूनही जाणार. सरस किंवा सुपरग्लू सोडला तर आणखी वाईट, तो चिरांत उतरून खडे एकमेकांना जोडतो आणि त्या बाजूची शाई झाकण होते.

कडेचा कपचा असेल तर तिथे वजन तसंही थोडंच असतं. सुटलेला तुकडा काढून टाका, कड नखाने चाचपून हलणारं जे असेल ते पुसा, वाजवून बघा. झर्र गेला असेल आणि दोन दिशा जुळत असतील तर पुडी चालू द्या. कपचा मध्याकडचा असता तर जुनी शाई पूर्ण काढून नवी चढवण्याशिवाय मार्ग नव्हता. ती काढतानाही पाण्यात भिजवायची नाही, ओलसर फडकं शाईपुरतं ठेवून मऊ पडेल तशी बोथट पात्याने सोलायची, म्हणजे लव आणि गजरा कोरडे राहतात.